त्वालेत : कापड, मेज आणि खोली

फ्रेंच भाषेत ‘त्वालेत’ हा शब्द एकवचनी आला तर त्याचा अर्थ प्रसाधन, अंग धुणे-पुसणे किंवा बायकांचा ठेवणीतला पोशाख. अनेकवचनी आला तर संडास. ‘ती त्वालेत करते आहे’ म्हणजे ती आवरते आहे. ‘त्वालेत कुठे आहेत?’ याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शेजारच्या बेल्जियममध्ये आणि अटलांटिकपलीकडच्या क्यूबेकमध्ये संडासालाही एकवचनच चालते. इंग्रजीने हा शब्द उचलला, इंग्रजीकडून तो ‘टॉयलेट’ होऊन मराठीत आला, आणि येता येता बाकीचे अर्थ गळून एकच उरला. मूळ अर्थ मात्र यांपैकी एकही नव्हे. त्वालेत म्हणजे कापडाचा लहानसा तुकडा.

शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘तेला’त आहे. मागावर चढवलेला ताणा, तो माग आणि त्यावर उतरणारे कापड या तिन्ही गोष्टींना रोमन लोक ‘तेला’च म्हणत. कोळ्याचे जाळेही ‘तेला’. दिवसा विणायचे आणि रात्री उसवायचे अशा न संपणाऱ्या कामाला लॅटिनमध्ये पेनेलोपेची तेला म्हणत. सिसेरोने ही उपमा वापरली आहे. नवरा युद्धावरून परतेपर्यंत मागणी घालणाऱ्यांना थोपवून धरण्यासाठी सासऱ्याचे कफन विणत बसलेल्या ग्रीक राणीची ती कथा. ‘तेला’ ज्या क्रियापदापासून निघाला ते ‘तेक्सेरे’, म्हणजे विणणे. त्याच क्रियापदाचा ‘तेक्स्तुस’, म्हणजे विणलेले ते, हा शब्द पुढे लिहिलेल्या मजकुराला लागू झाला आणि इंग्रजीतले ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्टाइल’ हे दोन्ही शब्द एकाच मागावरून उतरले. भारतातही ग्रंथाला ‘सूत्र’ म्हणण्याची रीत आहेच. शब्दांचा आणि सुताचा संबंध दोन्हीकडे स्वतंत्रपणे जुळला.

‘तेक्सेरे’चे नाते आणखी मागे नेले तर ते संस्कृतातल्या ‘तक्ष्’ धातूशी जाऊन भिडते. ‘तक्ष्’ म्हणजे तासून घडवणे आणि ‘तक्षन्’ म्हणजे सुतार. ग्रीकमधला ‘तेक्तोन’ हाही सुतारच, आणि त्याच्या पुढाऱ्याला ‘आर्खितेक्तोन’ म्हणत. आजचा आर्किटेक्ट तो हाच. मराठीत वाकसाने लाकूड ‘तासतात’ ते तासणेही याच घरातले. लाकूड तासणारा आणि कापड विणणारा हे एका धातूत कसे आले, याचे एक उत्तर अभ्यासक असे देतात की अगदी जुनी घरे कुडाची असत: खांब रोवायचे आणि त्यांच्यामधून काठ्या, काटक्या विणून भिंत उभी करायची. अशा घरात सुतारकाम आणि विणकाम वेगळे काढता येत नाही. हा तर्कच आहे. पण कोकणातला कुडाचा गोठा पाहिलेल्या माणसाला तो पटायला जड जात नाही.

रोमन साम्राज्य मोडल्यानंतर गॉल प्रांतातल्या बोलीभाषेत ‘तेला’चा उच्चार बदलत गेला. लॅटिनमधला आघात असलेला दीर्घ ‘ए’ जुन्या फ्रेंचमध्ये आधी ‘एइ’ झाला, मग बाराव्या शतकाच्या सुमारास ‘ओइ’. ‘तेला’चे ‘तेइल’ आणि ‘तोइल’ झाले. हा बदल एकट्या या शब्दाचा नाही. राजा या अर्थाचा ‘रेगेम’ याच वाटेने ‘र्वा’ झाला, कायदा या अर्थाचा ‘लेगेम’ ‘ल्वा’ झाला, आणि ‘मला’ या अर्थाचा ‘मे’ ‘म्वा’ झाला. पडदा किंवा शीड या अर्थाचा लॅटिन ‘वेलुम’ही ‘व्ह्वाल’ झाला. त्याच नावाचे पातळ सुती कापड पुढे इंग्रजीमार्गे भारतात आले आणि महाराष्ट्रातल्या बायकांनी उन्हाळ्यात नेसायला घेतले, ती वायलची साडी. म्हणजे ‘त्वाल’ आणि ‘वायल’ हे दोन शब्द एकाच ध्वनिनियमाचे, आणि दोन्ही कापडाचेच.

लिहिताना ‘ओइ’ कायम राहिला, पण तोंडातला उच्चार थांबला नाही. ‘ओइ’चा ‘वे’ झाला, आणि पॅरिसच्या बाजारबोलीत ‘वा’. दरबारी लोक बराच काळ ‘र्वे’ म्हणत राहिले आणि सामान्य लोक ‘र्वा’. १७८९ च्या क्रांतीनंतर दरबार गेला, त्याबरोबर त्याचा उच्चारही गेला आणि ‘वा’ प्रमाण ठरला. क्यूबेकमधल्या खेड्यांतून मात्र ‘म्वा’ऐवजी ‘म्वे’ ऐकू येतो. सतराव्या शतकात बोटीत बसून गेलेल्यांनी तो सोबत नेला होता. इंग्रजीने फ्रेंच शब्द उचलले तेव्हा तिथली माणसे त्यातला ‘ओइ’ आपल्या पद्धतीने वाचत राहिली. म्हणून फ्रेंच माणूस ‘त्वालेत’ म्हणतो आणि इंग्रज, त्याच्यामागून मराठी माणूस, ‘टॉयलेट’ म्हणतो.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये ‘त्वाल’ म्हणजे मुख्यतः जवसाच्या झाडाच्या वाखाचे, नाहीतर भांगेच्या झाडाच्या वाखाचे साधे, घट्ट विणलेले कापड. लोकर ती वेगळी आणि रेशीम ते वेगळे. ब्रिटनी, नॉर्मंडी, लाव्हाल ही त्याची ठिकाणे. चादरी, शर्ट, शिडे, पोती, चित्रकाराचा पट सारे त्वालचे. हा शब्द आजही जोरात आहे: चित्राला ‘त्वाल’ म्हणतात, मेणकापडाला ‘मेणाची त्वाल’ म्हणतात, कोळिष्टकाला ‘कोळ्याची त्वाल’ म्हणतात, आणि इंटरनेटच्या जाळ्याला तर फक्त ‘ला त्वाल’. भारतातून जाणाऱ्या छिटांना सतराव्या शतकातले फ्रेंच ‘रंगवलेल्या त्वाल’ म्हणत. त्यांचा इतका खप झाला की देशी विणकरांच्या रक्षणासाठी १६८६ मध्ये त्यांवर बंदी आली आणि ती १७५९ पर्यंत चालली. बंदी उठल्यावर १७६० मध्ये ओबरकांफ नावाच्या कारागिराने व्हर्सायजवळच्या जुई गावात छापखाना काढला, आणि ‘त्वाल द जुई’ हे नाव पडद्याच्या कापडाला कायमचे चिकटले.

‘त्वाल’ला ‘एत’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की ‘त्वालेत’. जसे मराठीत गाडा-गाडी, तसे हे. चौदाव्या शतकातल्या कागदपत्रांत तो कापडाचा तुकडा याच अर्थाने सापडतो. असा तुकडा कशासाठी वापरायचा यावरून त्याचे पुढचे अर्थ ठरले. शिंपी शिवलेले कपडे ज्या फडक्यात बांधून गिऱ्हाइकाकडे पाठवी, तीही त्वालेत. जुने कपडे, लेस, शाली गाठोड्यात बांधून घरोघर विकणाऱ्या बाईला म्हणूनच ‘त्वालेतवाली’ म्हणत. बाल्झाकच्या कादंबऱ्यांत या बायका भेटतात: सरदारणीने कर्जापायी विकलेला झगा नटीला विकायचा, मधल्यामध्ये दोघींची गुपिते जमवायची आणि वेळ आली की व्याजाने पैसेही द्यायचे. महाराष्ट्रातल्या बोहारणीच्या बोचक्यात भांडी असतात आणि तिचा व्यवहार इतका काळा नसतो, पण घराच्या मागच्या दाराने आत जाणारी, सगळ्यांचे जुने कपडे आणि नव्या बातम्या ठाऊक असलेली बाई ती हीच. खाटकाच्या दुकानात डुकराच्या पोटातल्या जाळीदार चरबीच्या पडद्यालाही ‘त्वालेत’ म्हणतात. खिम्याचे गोळे त्यात गुंडाळायचे असतात. गुंडाळायचे फडके हा अर्थ तिथे शिल्लक आहे.

ज्या वापराने शब्दाचे नशीब पालटले तो वेगळा. श्रीमंत घरांतून केस विंचरताना, पावडर लावताना मेजावर एक फडके पसरत, एखादे खांद्यावरही टाकत. मेज लाकडाचे आणि साधे असे. फडके मात्र हळूहळू लेस लावलेले, मखमलीने मढवलेले होत गेले. त्याच्यावर आरसा, कंगवे, डब्या मांडल्या जात आणि काम झाले की सारे त्याच कापडात गुंडाळून ठेवता येई. आधी कापडाचे नाव त्यावरच्या वस्तूंना लागले, मग खालच्या मेजाला, मग मेजापाशी बसून करायच्या कामाला. फ्युरतिएरचा शब्दकोश १६९० मध्ये निघाला तोवर हे अर्थ एकमेकांना खेटून बसले होते.

हे फक्त याच शब्दाच्या बाबतीत घडले असे नाही. लॅटिनमध्ये ‘बुर्रा’ म्हणजे जाडीभरडी, केसाळ लोकर. तिच्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘ब्युरेल’, म्हणजे भिक्षूंच्या अंगावर असे तसले घोंगडीवजा तपकिरी कापड. हिशेबनीस नाणी मोजताना ते मेजावर अंथरत. कापडावरून नाव मेजाला गेले, मेजावरून खोलीला, खोलीवरून कचेरीला, आणि शब्द झाला ‘ब्यूरो’. अठराव्या शतकात गुर्ने नावाच्या अर्थतज्ज्ञाने त्याला ग्रीकमधला सत्तावाचक प्रत्यय जोडून कारकुनांच्या राज्याला नाव दिले. त्याचेच मराठी नोकरशाही. एका मेजावर जाडे कापड, दुसऱ्यावर तलम. एकाची कचेरी झाली, दुसऱ्याचे काय झाले ते पुढे येतेच.

त्वालेतच्या मेजावर काय काय असे, याचा एक नमुना एडिंबरोच्या संग्रहालयात जपलेला आहे. पॅरिसमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवलेला, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा हा संच लेनॉक्सलव्ह या स्कॉटिश वाड्यात मिळाला, म्हणून तो त्या नावाने ओळखला जातो. मधोमध उभा करायचा आरसा, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्तीची घरे, पावडरीच्या आणि सुगंधी लेपांच्या झाकणाच्या डब्या, टाचण्या खोचायची गादी, कपड्यांचा ब्रश. अशा संचात एक इवलीशी डबी ‘माश्यां’साठी असे. ‘माशी’ म्हणजे काळ्या रेशमाची टिकली. गोऱ्या गालावर तीळ उठून दिसावा किंवा देवीचा व्रण झाकला जावा म्हणून ती चिकटवत. हे संच लग्नात दिले जात आणि घरातले सर्वांत महागडे चांदीचे सामान बहुधा तेच असे.

त्या साऱ्या सरंजामात पाणी फारसे नसे. सतराव्या शतकातल्या युरोपात अशी समजूत होती की गरम पाण्याने त्वचेची रंध्रे उघडतात आणि त्यातून रोग आत शिरतो. जॉर्ज विगारेलो या फ्रेंच इतिहासकाराने १९८५ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की त्या काळात स्वच्छतेचे साधन पाणी नसून कापड होते. अंगाला लागून असलेला पांढरा शर्ट मळ शोषून घेतो, म्हणून शर्ट बदलला की माणूस स्वच्छ झाला. चेहरा कोरड्या किंवा अत्तर शिंपडलेल्या फडक्याने पुसायचा. गळ्याशी आणि मनगटाशी दिसणारी पांढरी झालर हा स्वच्छतेचा जाहीर पुरावा होता. रोजच्या आंघोळीत वाढलेल्या माणसाला हे ऐकून नाक मुरडावेसे वाटते. पण या समजुतीमुळेच धुण्याला कापडाचे नाव मिळाले, हे त्यात विसरायला नको. ‘त्वालेत करणे’ म्हणजे खरोखरच कापडाने करणे होते.

अंगालगतच्या त्या शर्टाला फ्रेंचमध्ये ‘शमीज’ म्हणतात. त्याचा उत्तरकालीन लॅटिन पूर्वज ‘कामिसिया’; तोच अरबीत ‘कमीस’ होऊन पुढे हिंदुस्थानात ‘कमीज’ झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. व्हर्सायच्या दरबारात ही कमीज कोणी कोणाच्या हाती द्यायची हा राजकारणाचा विषय होता. चौदाव्या लुईचे उठणे हाच एक समारंभ होता आणि कोणत्या टप्प्यावर कोणाला आत प्रवेश हे ठरलेले असे. राणीच्या त्वालेतमध्ये तिला कमीज देण्याचा मान हजर असलेल्या बायकांत दर्जाने सर्वांत वरच्या असलेल्या बाईचा.

मारी आंत्वानेतची दासी मादाम कांपाँ हिच्या १८२२ मध्ये छापल्या गेलेल्या आठवणींत अशा एका हिवाळी सकाळचे वर्णन आहे. राणी उघडी, कमीज घालायच्या बेतात. कमीज उलगडून कांपाँच्या हातात. इतक्यात मानाची बाई आत येते, घाईने हातमोजे काढते आणि कमीज घेते. दारावर नखाने खाजवल्याचा आवाज होतो, कारण दरबारात दार ठोठावत नसत. ओर्लेआंची डचेस आत येते, हातमोजे काढते आणि पुढे होते. पण मानाची बाई कमीज तिला थेट देऊ शकत नाही. ती कांपाँकडे परत करते आणि कांपाँ डचेसला देते. पुन्हा दारावर नखे. आता राजाची भावजय, प्रोव्हांसची काउंटेस. कमीज तिच्याकडे. राणी दोन्ही हात छातीशी धरून कुडकुडत उभी. काउंटेसच्या ते लक्षात येते. ती हातमोजे न काढताच कमीज राणीच्या डोक्यावरून घालते आणि त्या घाईत राणीचे केस विस्कटतात. राणी हसून वेळ मारून नेते, पण तोंडातल्या तोंडात वैतागते.

दरबाराची ही पद्धत पॅरिसच्या श्रीमंतांनी उचलली, तेव्हा त्वालेत ही भेटीगाठींची वेळ बनली. केशभूषाकार डोक्याशी झटतो आहे, कपडेवाला नमुने दाखवतो आहे, कवी कविता वाचतो आहे, पाद्री गप्पा मारतो आहे आणि बाई आरशातून सगळ्यांशी बोलते आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे वर्णन लिहिणाऱ्या मेर्सिएने या सोहळ्याचे गुपित फोडले: बायकांच्या त्वालेत दोन असतात, पहिली दाराआड, जिथे प्रियकरालाही मज्जाव, आणि दुसरी लोकांना दाखवायची. लोकांसमोर बाई जी सजे, ती आधीच सजलेली असे.

चित्रकारांना हा विषय फार मानवला. बुशेच्या १७४२ च्या ‘ला त्वालेत’ या चित्रात शेकोटीशेजारी बसलेली तरुणी मोज्याचा पट्टा बांधते आहे, दासी तिला टोपी दाखवते आहे, मागे पक्ष्यांची चित्रे असलेला घडीचा पडदा आहे आणि पायाशी मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळते आहे. पुढच्याच वर्षाच्या सुमारास लंडनमध्ये होगार्थने ‘लग्न फॅशनचे’ या चित्रमालेतल्या चौथ्या चित्राला हेच नाव दिले. त्यात बाईचे केस कुरळे केले जात आहेत, एक जाडजूड गवई गातो आहे, बासरीवाला साथ करतो आहे आणि बाईचे सारे लक्ष शेजारी रेललेल्या वकिलाकडे आहे. अलेक्झांडर पोपने १७१४ च्या आपल्या विनोदी खंडकाव्यात नायिकेची त्वालेत देवपूजेच्या थाटात रंगवली ती याआधीच. इंग्रजांना तोवर शब्द पाठ झाला होता. सोळाव्या शतकात कपडे गुंडाळायचे फडके म्हणून घेतलेला शब्द त्यांनी फ्रेंचांच्या मागोमाग एकेक पायरी चढवत नेला.

क्रांतीने दरबार संपवला. १६ ऑक्टोबर १७९३ च्या पहाटे कोंसिएर्जरीच्या तुरुंगात मारी आंत्वानेतने शेवटची कमीज बदलली, तेव्हा खोलीत पहारेकरी उभा होता आणि तो हलायला तयार नव्हता. रोझाली नावाची तुरुंगातली मोलकरीण आडोसा धरून उभी राहिली. नंतर जल्लादाने येऊन राणीचे केस कापले आणि हात मागे बांधले. गिलोटिनपूर्वीच्या या तयारीलाही, म्हणजे मानेवरचे केस छाटणे आणि पाते अडू नये म्हणून शर्टाची कॉलर कापणे याला, फ्रेंचमध्ये ‘त्वालेत’च म्हणू लागले. मृतदेह धुऊन कपडे घालण्यालाही तोच शब्द आहे. गमतीचा वापरही आहे: घाईघाईत तोंडावर चार थेंब मारून बाहेर पडणे म्हणजे ‘मांजराची त्वालेत’.

एकोणिसाव्या शतकात पाण्याची भीती ओसरली आणि मध्यमवर्गीय घरात झोपण्याच्या खोलीला लागून एक लहान खोली आली, ‘काबिने द त्वालेत’. संगमरवरी फळीचे मेज, त्यावर चिनी मातीचे तस्त आणि पाण्याचा जग, खाली बादली. इथे शब्दाला प्रथमच खोली मिळाली, पण ती धुण्याची आणि आवरण्याची. अंगाला लावायच्या सौम्य सुगंधी पाण्याला ‘ओ द त्वालेत’ म्हणतात ते याच अर्थाने, आणि अत्तराच्या बाटल्यांवर ते नाव आजही छापलेले असते.

मलविसर्जनाच्या सोयीचा इतिहास या काळापर्यंत अगदी वेगळ्या नावांनी चालला होता. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र हॅरिंग्टन याने १५९६ मध्ये पाण्याने धुऊन निघणाऱ्या शौचकूपावर पुस्तक लिहिले. लोक हसले आणि विसरले. १७७५ मध्ये लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने नळीला नागमोडी वाक दिला. त्या वाकात पाणी साचून राहते आणि गटाराचा वास वर येत नाही. सगळा चमत्कार त्या वाकात आहे. आजच्या प्रत्येक भांड्याखाली तो असतो. या सोयीला ‘वॉटर क्लोजेट’, म्हणजे पाण्याची कोठडी, असे नाव पडले. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्जने एक पेनी घेऊन ती लोकांना वापरू दिली आणि आठ लाखांवर माणसांनी ती पेनी मोजली. टॉयलेट हा शब्द तिथे कुठेही नव्हता. १८५७ मध्ये अमेरिकेत गेटी नावाच्या गृहस्थाने पुसण्याचा कागद पाकिटातून विकायला काढला तेव्हा त्यानेही तो ‘वॉटर क्लोजेटसाठी’ असेच छापले.

सांधा बदलला तो अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हॉटेले, रेल्वेचे डबे, दुकाने यांत प्रवाशांना हात-तोंड धुऊन केस ठीक करण्यासाठी ‘टॉयलेट रूम’ ठेवली जाई. नळ आले, तसे तस्त आणि शौचकूप एकाच खोलीत बसवणे सोयीचे झाले. दारावर नाव मात्र अर्ध्याच कामाचे राहिले. ‘टॉयलेटला जाते’ म्हणणारी बाई केस नीट करायला गेली की आणखी कशाला, हे विचारण्याचे कारण उरले नाही, आणि हीच तर सोय होती. पुढे खोलीवरून नाव भांड्याला गेले. मग प्लंबर तीच वस्तू दुकानातून खांद्यावर घेऊन येऊ लागला. विसाव्या शतकात हा नवा अर्थ फ्रान्समध्ये परत पोहोचला, तेव्हा फ्रेंचांनी त्याला अनेकवचनात बसवून जुन्या त्वालेतपासून वेगळे केले.

अशा जागेला खरे नाव न देण्याची रीत जुनी आहे. रोमनांचा ‘लात्रीना’ हा मुळात ‘लावात्रीना’, म्हणजे न्हाणीघर. फ्रेंच वाड्यांतली ‘गार्द-रोब’ ही कपडे ठेवायची खोली, तिचाही अर्थ असाच घसरला. चर्चमध्ये पाद्री हात धुताना म्हणत असे त्या लॅटिन प्रार्थनेचा पहिला शब्द ‘लावाबो’, म्हणजे ‘मी धुईन’. तो आधी तस्ताला लागला आणि पुढे दारावरच्या पाटीपर्यंत गेला. मराठीचा ‘शौच’ याहून धीट आहे: शुचि या शब्दापासून निघालेला, अर्थ शुद्धता, योगशास्त्रातला पहिला नियम, आणि रोजच्या बोलण्यात मात्र जिथे शुद्धता नंतर करावी लागते ते काम. ‘पायखाना’ फारसीतून आला, त्यात फक्त पाय आणि घर. जुन्या मराठीतल्या ‘शेतखाना’ या शब्दाचा शेताशी काही संबंध नाही. तो ‘सेहतखाना’, आरोग्याचे घर. ‘परसाकडे जाणे’ आणि ‘बहिर्दिशेस जाणे’ यांत तर नुसती दिशाच दाखवली आहे. झाकण म्हणून आणलेला शब्द वापरून वापरून झाकलेल्या वस्तूचाच होतो, मग नवे झाकण शोधावे लागते. इंग्लंडच्या उच्चवर्गाने म्हणूनच ‘टॉयलेट’ हा शब्द हिणकस ठरवला. भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉसने १९५४ मध्ये वरच्या वर्गाच्या बोलीची लक्षणे नोंदवली, त्यांत ‘टॉयलेट पेपर’ म्हणणारा माणूस खालच्या रांगेत गेला. लेखिका नॅन्सी मिटफर्डने १९५६ च्या संग्रहात ते लोकप्रिय केले. साध्या शब्दाची लाज वाटून फ्रेंच शब्द धरणे हीच हलकेपणाची खूण मानली गेली.

ध्वनी जुळतो म्हणून ‘टॉवेल’ आणि बोलीतला ‘टुवाल’ही याच कुळातले वाटतात, ते नाहीत. ते जर्मानिक भाषांतल्या धुणे या अर्थाच्या शब्दापासून आलेले आहेत, मराठीला एक इंग्रजीकडून तर दुसरा पोर्तुगीजकडून मिळाला. उलट ‘त्वालेताज’ हा शब्द खास घरचा. फ्रेंचमध्ये कुत्र्याचे केस कापून त्याला नीटनेटके करणे म्हणजे त्वालेताज, आणि कायद्याच्या मसुद्यातल्या किरकोळ दुरुस्त्या म्हणजे ‘तेक्स्तचे त्वालेताज’. तेक्स्त आणि त्वाल, दोघेही ‘तेक्सेरे’चे, दोन हजार वर्षांनी ते एका सरकारी वाक्प्रचारात पुन्हा शेजारी आले आहेत.

मराठी घरात टॉयलेट म्हणजे संडासच. तरीही आंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘टॉयलेट सोप’ छापलेले असते आणि ते वाचून कोणीतरी दचकतेच. हा अठराव्या शतकातला अर्थ, आवरण्याच्या मेजावरचा, तिथे जसाच्या तसा राहिला आहे. ‘टॉयलेट सोप’ आणि स्वस्तातली ‘बेदिंग बार’ यांतला फरक नुसता नावाचा नाही. पहिल्यात मेदांश जास्त असावा लागतो, आणि पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपसाठी तो किमान ७६ टक्के हवा. हे प्रमाण ठरवून देणाऱ्या संस्थेचे नाव भारतीय मानक ब्यूरो.